ड्रम विकण्याआधी: पुण्यात रसायनांच्या व्यापारात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

केमिकलच्या धंद्यात उतरू पाहणारी बरीच तरुण मंडळी आमच्या गाळ्यात येऊन बसतात. कुणी केमिस्ट्रीत एमएस्सी केलेलं, कुणी मामाच्या ट्रान्सपोर्टमधून इकडे वळलेलं, कुणी भोसरीत रंगाच्या कारखान्यात खरेदी सांभाळणारं. सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी आलेली असते. शॉप ॲक्ट झाला, जीएसटी नंबर आला, गोडाऊन बघून ठेवलं, आता माल कुठून उचलायचा? त्यावर मी विचारते, तुमच्या यादीतला कुठला माल कंट्रोल्ड आहे ते बघितलंत का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं. कुणी सांगितलेलंच नसतं, त्यात त्यांचाही दोष नाही. अण्णांच्या हाताखाली मी दुकानात बसायला लागले तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. सॉल्व्हंटचा पेट्रोलियम परवाना, विषारी रसायनांचा परवाना, अग्निशमनाचा दाखला हे विषय वेगळे आहेत आणि तेही करावेच लागतात. इथे फक्त एक गोष्ट आहे: आपल्या दुकानातून गेलेला माल नशेच्या गोळ्या-पावडरी बनवणाऱ्याच्या हातात पडू नये म्हणून कायदा काय सांगतो आणि रोजच्या कामात आपण काय करायचं.

पुण्यात हे लांबचं प्रकरण राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सोमवार पेठेतून सुरू केलेला तपास विश्रांतवाडीच्या गोदामापर्यंत, तिथून दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत आणि पुढे सांगली-दिल्लीपर्यंत गेला. १७०० किलोहून जास्त मेफेड्रोन जप्त झालं, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर सांगितली गेली. मेफेड्रोन म्हणजे पोरांच्या भाषेतलं एमडी किंवा म्याव म्याव. भारतात फेब्रुवारी २०१५ पासून ते बंदी असलेल्या मनोव्यापारी पदार्थांच्या यादीत आहे आणि कायद्याच्या हिशेबात त्याचे ५० ग्रॅमसुद्धा व्यापारी प्रमाण, म्हणजे सगळ्यात कडक शिक्षेचं प्रमाण, ठरतात. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये चाकणला २० किलो एमडी सापडलं, त्याचा माग रांजणगावच्या एका कारखान्यात निघाला. म्हणजे आपण ज्या एमआयडीसींमध्ये रोज टेम्पो पाठवतो, त्याच या. आमच्या सोसायटीतला एक मुलगा एमडीतून बाहेर पडायला धडपडत होता, तेव्हा त्याची आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जिन्यात बसलेली मी पाहिली आहे. तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी फक्त कागदपत्रांचा राहिला नाही.

आधी कायदा, थोडक्यात पण नीट

मूळ कायदा १९८५ चा, अमली आणि मनोव्यापारी पदार्थांचा, आपण ज्याला एनडीपीएस म्हणतो तो. त्याच्या कलम ९अ खाली केंद्र सरकार काही रसायनांना नियंत्रित पदार्थ ठरवून त्यांचं उत्पादन, विक्री, खरेदी, साठा, वाहतूक यांवर नियम घालू शकतं. अशी रसायनं स्वतः नशेची नसतात. त्यांचा रोजचा वापर सरळ असतो, पण चुकीच्या हातात गेली तर त्यांच्यापासून अमली पदार्थ बनतो. म्हणून त्यांना पूर्वगामी रसायनं म्हणतात. बाजारात सगळे प्रिकर्सरच म्हणतात.

आज चालतो तो २०१३ चा नियंत्रित पदार्थ नियमन आदेश. १९९३ चा जुना आदेश त्याने बदलला. त्यात तीन अनुसूची आहेत: अ म्हणजे देशातल्या व्यवहारावर नियंत्रण, ब निर्यातीवर, क आयातीवर. आपल्यासारख्या व्यापाऱ्याला पहिल्या दिवसापासून गाठ पडते ती अ अनुसूचीशी. मूळ आदेशात तिच्यात पाच नावं होती: ॲसिटिक अनहायड्राइड, अँथ्रानिलिक ॲसिड, एन-ॲसिटिल अँथ्रानिलिक ॲसिड, इफेड्रिन आणि स्यूडोइफेड्रिन. नंतर यादी वाढली आहे, म्हणून जुन्या पुस्तकातली किंवा कुणी फॉरवर्ड केलेली यादी धरून बसू नका. राजपत्रातली ताजी अधिसूचना काढून छापून घ्या आणि काउंटरमागे लावा.

या आदेशाचा भंग झाला तर कलम २५अ लागतं. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, कारणं नोंदवून न्यायालय दंड त्याहून जास्तही करू शकतं. आणखी दोन कलमं नव्या माणसाला माहीत नसतात. कलम ५४ प्रमाणे नियंत्रित पदार्थ तुमच्याकडे सापडला आणि त्याचा समाधानकारक हिशेब देता आला नाही, तर गुन्हा केला असं गृहीत धरता येतं. आणि कलम ३५ प्रमाणे मनात गुन्ह्याचा हेतू नव्हता हे आरोपीनेच सिद्ध करायचं असतं. ‘मला काय माहीत, पार्टीने नेलं’ हे वाक्य तिथे कामाचं नाही. कामाला येतो तो कागद.

यादी नावावर बनवू नका, कॅस नंबरावर बनवा

तुमच्याकडे येणाऱ्या किंवा येऊ शकणाऱ्या प्रत्येक रसायनाची एक वही किंवा एक्सेल करा. एका रसायनाची चार-चार नावं असतात. कंपनीचं ब्रँडनाव वेगळं, आयुपॅकचं म्हणजे शास्त्रीय नाव वेगळं, बाजारातलं वेगळं, आणि बिलावर कुणी तिसरंच संक्षिप्त रूप टाकतं. कॅस नंबर, म्हणजे रसायनाला जगभर दिलेला ओळख क्रमांक, मात्र एकच असतो. ॲसिटिक अनहायड्राइडचा १०८-२४-७.

हा नंबर हाताने उतरवताना चूक होते, ती पकडायची सोपी युक्ती आहे. शेवटचा आकडा बाजूला ठेवा. उरलेले आकडे उजवीकडून डावीकडे अनुक्रमे १, २, ३, ४, ५ ने गुणा: चार एके चार, दोन दुणे चार, आठ त्रिक चोवीस, शून्य, आणि एक पंचे पाच. बेरीज सदतीस. तिच्या एककस्थानी ७, आणि नंबराचा शेवटचा आकडाही ७. जुळलं नाही तर नंबर चुकीचा उतरवला आहे, किंवा तो नंबरच बनावट आहे. एकदा एका पुरवठादाराच्या कागदावर असा न जुळणारा नंबर आला आणि त्या सीओएवरची (मालाच्या तपासणीच्या दाखल्यावरची) बाकीची माहितीही जुळत नव्हती. तो माल मी उतरवूनच घेतला नाही.

वहीत तीन रंग ठेवा. अ अनुसूचीतला माल लाल. आयात-निर्यातीसाठी नियंत्रित असलेला पिवळा. विहिरीत टाकायचं पोटॅशियम परमँगनेट आणि शाई-चिकटद्रव्यांत लागणारं मिथाइल इथाइल कीटोन या पिवळ्यात येतात. हिरव्यात बाकी सगळं, पण त्यातही काही नावांसमोर एक टिंब. उदाहरणार्थ ॲसिटोन, टोल्यूइन, हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्यूरिक ॲसिड. ही संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांविरुद्धच्या १९८८ च्या कराराच्या दुसऱ्या तक्त्यात आहेत. रोज शेकडो लिटर विकली जातात आणि ती विकण्यात गैर काही नाही, पण विचित्र ऑर्डर आली तर टिंब आठवायला हवं.

खरी अडचण यादीच्या बाहेर आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एका रसायनावर नियंत्रण आलं की नशेचा माल बनवणारे त्याच्या शेजारचं, अजून यादीत नसलेलं रसायन धरतात. मार्च २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने एकाच बैठकीत १८ रसायनं नियंत्रणाखाली आणली, ती याच पळापळीमुळे. कुठलं रसायन कशाच्या जागी चालतं हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही, आणि तुम्हीही काउंटरवर कुणाला सांगू नका. पण एवढं लक्षात ठेवा की यादीत नाही म्हणजे निर्धास्त विकावं असं होत नाही. यादी सरकार करतं, तिला वेळ लागतो. तोपर्यंत मध्ये उभा असतो तो विकणारा माणूस.

नोंदणी

अ अनुसूचीतला माल बनवायचा, विकायचा, विकत घ्यायचा, साठवायचा किंवा कारखान्यात वापरायचा असेल तर नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडून नोंदणी घ्यावी लागते. तिला यूआरएन म्हणतात, एकमेव नोंदणी क्रमांक. आपल्यासाठी कार्यालय म्हणजे ब्युरोचं मुंबई विभागीय युनिट. नोंदणीशिवाय एक कॅनही ठेवू नका, नमुन्याचा सुद्धा नाही. पुष्कळांना वाटतं की हे फक्त व्यापाऱ्याला. तसं नाही. वापरणाऱ्या कारखान्यालाही नोंदणी लागते, त्यामुळे ‘आम्ही विकत नाही, फक्त वापरतो’ म्हणणाऱ्या खरेदी अधिकाऱ्यालाही नंबर मागा.

अर्जाला पॅन, जीएसटी, भागीदारीपत्र किंवा कंपनीचे कागद, जागेचा भाडेकरार, मालकांची ओळखपत्रं हे सगळं एका फाइलीत तयार ठेवा. ब्युरोकडून पडताळणी होते. गोडाऊनचा पत्ता भाडेकरारावर, जीएसटीवर आणि अर्जावर एकसारखाच लिहिलेला हवा. एका ठिकाणी सर्व्हे नंबर, दुसरीकडे गट नंबर, तिसरीकडे नुसतंच ‘वाघोली’ असं असलं की फाइल परत येते. आमची आली होती. दोन महिने गेले, आणि चूक आमचीच होती.

ज्यांना वर्षाला चार-पाचच ड्रम लागणार आहेत त्यांना मी स्पष्ट सांगते की हा माल ठेवूच नका. नोंदणी असलेल्या मोठ्या व्यापाऱ्याचं नाव गिऱ्हाइकाला सांगा. दलालीचा मोह करून मधे बिल फिरवायचं तर नाहीच.

पार्टी कोण आहे?

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घाला.

ॲसिटिक अनहायड्राइड घ्या. ॲस्पिरिन, सेल्युलोज ॲसिटेट, रंग, अत्तरं अशा अनेक कामांना ते लागतं. आपल्याच जिल्ह्यात नीरेच्या परिसरात ॲसिटिक वर्गातली रसायनं बनतात. मागणी खरी आहे, मोठी आहे, आणि त्या मोठ्या मागणीतच चुकीचं गिऱ्हाईक लपतं. कारण अफूपासून हेरॉईन बनवणाऱ्यांनाही तेच लागतं.

अ अनुसूचीतला माल विकताना खरेदीदाराची ओळख पटवायची, त्याचा यूआरएन तपासायचा आणि कशासाठी माल हवा याचं लेखी निवेदन घ्यायचं. मी हेच निवेदन टिंब असलेल्या मालासाठीही घेते, कायद्याने लागत नसलं तरी. साधा एक पानाचा कागद असतो: आम्ही अमुक उत्पादनासाठी, महिन्याला साधारण इतकं वापरतो, पुढे विकणार नाही, खाली सही-शिक्का. प्रामाणिक गिऱ्हाईक तो दहा मिनिटांत देतं.

मग जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७. पुढची दहा म्हणजे त्यांचा पॅन. नोंदणी चालू आहे की रद्द, कधी घेतली, धंद्याचा प्रकार काय लिहिलाय, मुख्य जागा कुठे हे सगळं तिथे दिसतं. तीन आठवड्यांपूर्वी नोंदणी झालेली, धंदा ‘कपडा विक्री’, आणि ऑर्डर रसायनाच्या दहा ड्रमची, असं दिसलं की तिथेच थांबा. यूआरएनची झेरॉक्स पुरेशी धरू नका, मुंबई युनिटकडे विचारून खात्री करा.

पहिल्या मोठ्या ऑर्डरआधी स्वतः जागेवर जा. कारखाना म्हटलं तर बॉयलर, रिॲक्टर, पाण्याची लाइन, कामगारांच्या सायकली-मोटरसायकली, गेटवर रजिस्टर, भिंतीवर प्रदूषण मंडळाच्या संमतीचा क्रमांक असं काहीतरी दिसायला हवं. त्यांच्या मालाचं नाव विचारा आणि त्या मालाला हे रसायन खरंच लागतं का ते एखाद्या केमिस्टला विचारून घ्या.

एक प्रसंग सांगते. पावसाळ्याचे दिवस होते, दुपारी गर्दी नव्हती. पस्तिशीचा एक माणूस आला, बोलायला गोड. ‘ताई, हे पाहिजे’ म्हणत मोबाईल पुढे केला. पडद्यावर रसायनाचं नाव नव्हतं, फक्त कॅस नंबर होता. यादीत नसलेलं, पण आमच्याकडे वर्षातून एखाद-दोनदाच विचारलं जाणारं नाव. मी विचारलं, काय बनवता? ‘औषधाचं इंटरमीजिएट.’ कुठलं? ‘ते साहेबांना माहीत.’ साहेबांचा फोन द्या म्हटलं तर साहेब परदेशात. पोच कुठे द्यायची? तो म्हणाला, यवतच्या पुढे रस्त्यालगत टेम्पो उभा असेल, आमचा माल आम्ही उतरवून घेऊ. भावाची घासाघीस केली नाही, उलट ‘बिल नको, रोख देतो, वर दोन टक्के घ्या’ असं म्हणाला. शेवटी जाता जाता म्हणाला, ‘ड्रमवरचे लेबल काढून द्याल ना?’ तोवर मला शंका होती, त्या वाक्याने ती राहिली नाही.

मी त्याला माल नाही म्हणून सांगितलं. वाद घातला नाही, पोलिसांचं नाव काढलं नाही, तुम्हीही काढू नका. तो गेल्यावर वेळ, वर्णन, मोबाईलचा नंबर, मागितलेला माल आणि प्रमाण लिहून काढलं आणि त्याच संध्याकाळी कळवलं.

त्या माणसाच्या बोलण्यात धोक्याच्या बहुतेक खुणा होत्या: वापर माहीत नाही, पत्ता पक्का नाही, भावाचं सोयरसुतक नाही, रोखीचा आग्रह, लेबलाची भीती. आणखी एक खूण आहे ती जुन्या गिऱ्हाइकांची. चार वर्षं महिन्याला दोन ड्रम नेणारा अचानक वीस मागायला लागला तर त्यालाही विचारा. जुनी ओळख आहे म्हणून तोंड बांधून बसू नका. तो खरंच नवीन ऑर्डर दाखवेल, किंवा चिडेल.

माल निघताना आणि निघाल्यावर

अ अनुसूचीतला माल निघतो तेव्हा त्यासोबत कन्साइनमेंट नोट जाते, आदेशाला जोडलेल्या नमुन्यात. प्रत्येक ड्रमवर मालाचं नाव, प्रमाण, पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता. बिल, ई-वे बिल, बिल्टी आणि ही नोट या चारांवरचे आकडे एक असले पाहिजेत. गाडीचा नंबर टेम्पो दारात आल्यावर स्वतः बघून लिहा. ट्रान्सपोर्टवाल्याने फोनवर सांगितलेला नंबर आणि आलेल्या गाडीचा नंबर वेगळा असतो, हे फार वेळा होतं. पोच सहीसकट परत आल्याशिवाय तो व्यवहार बंद समजू नका.

रोजची आवक-जावक रोज लिहायची. उद्या लिहू म्हटलं की आकडे आठवणीने भरले जातात, आणि आठवणीने भरलेलं रजिस्टर वाचणाऱ्याला लगेच कळतं, सगळीकडे एकच पेन आणि एकच हस्ताक्षराचा वेग. दर तीन महिन्यांनी ब्युरोला विवरण जातं. आमच्याकडे हिशेब बघणारे काका दर शनिवारी संध्याकाळी ड्रम मोजतात, अर्धवट ड्रमात डिप रॉड घालतात आणि वहीशी ताळा करतात. अर्ध्या लिटरचा फरक बाष्पीभवनात जातो, तोही लिहिला जातो. त्याहून मोठा फरक आला तर त्याच दिवशी शोध. माल हरवला, चोरीला गेला, गळला तर ब्युरोला ताबडतोब कळवणं बंधनकारक आहे. घाबरून लपवणारा माणूस पुढे जास्त अडचणीत येतो.

कागद आणि गोदाम जुळवणं किती महत्त्वाचं, ते सोलापुरात दिसलं. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोली एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यातून सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन जप्त केलं. टनांत असलेला साठा एका रात्रीत हलत नाही, म्हणून वहीशी ताळा करत राहिलं की तो लपत नाही.

आयात-निर्यात करायची असेल तर ब्युरोखेरीज आणखी एक दार आहे, ग्वाल्हेरचं केंद्रीय अमली पदार्थ कार्यालय. तिथल्या नार्कोटिक्स आयुक्तांकडून प्रत्येक खेपेसाठी ना हरकत प्रमाणपत्र लागतं. निर्यातीच्या वेळी समोरच्या देशाला आधी सूचना जाते, माल त्यानंतर निघतो. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नये, देशातली कागदपत्रं आधी अंगवळणी पडू द्यावीत.

गोडाऊन किंवा पत्र्याची शेड भाड्याने देणाऱ्यांसाठीही एक ओळ. जाणूनबुजून आपली जागा अशा कामाला वापरू दिली तर कलम २५ खाली जागेचा मालकही तितकाच अडकतो. भाडं बाजारभावाच्या दुप्पट, खिडक्या कायम बंद, कामं फक्त रात्री, आंबट-उग्र वास आणि भाडेकरूच्या कंपनीची पाटीच नाही, असं असेल तर किल्ली परत मागण्याआधी पोलिसांशी बोला.

कळवायचं कुठे

केंद्राची मानस हेल्पलाइन १९३३ जुलै २०२४ पासून सुरू आहे, नाव न सांगताही माहिती देता येते. पोलिसांकडे जाताना हद्द बघा. शहराला पुणे पोलीस आयुक्तालय, भोसरी-चाकणला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, कुरकुंभ-रांजणगाव-दौंडला पुणे ग्रामीण. शहरातल्या दोन्ही आयुक्तालयांत अमली पदार्थ विरोधी पथकं आहेत. फोन केल्यावर कुणाशी बोललात, किती वाजता, काय सांगितलंत ते डायरीत लिहा. समोरच्याचा पाठलाग करायचा नाही, फोटो काढायला जायचं नाही, आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचं नाव टाकायचं नाही. संशय चुकीचाही निघू शकतो आणि बरोबर असेल तर तो सावध होतो.

रिकामे ड्रम

हे सगळ्यात शेवटी लिहिते, कारण सगळे हे सगळ्यात शेवटी आठवतात. नामांकित कंपनीचं लेबल असलेला रिकामा ड्रम बाजारात विकला जातो आणि त्यात काहीही भरून तो पुन्हा फिरतो. कुठे छापा पडला तर ड्रमवरच्या बॅच नंबरवरून पहिला फोन तुम्हाला येतो. म्हणून रिकामा ड्रम फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका. लेबल पूर्ण खरवडा, बॅच नंबर रजिस्टरमध्ये ‘रिकामा’ म्हणून नोंदवा, आणि ड्रम प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच द्या. किती ड्रम गेले, कुठल्या गाडीतून गेले याची पावती घ्या. आमचे हमाल मामा ड्रम गाडीत चढवण्याआधी प्रत्येकाच्या बुडाला छिन्नीने दोन भोकं पाडतात. ड्रम नीट धुतलेला असल्याशिवाय आणि गोडाऊनबाहेर उघड्यावर नेल्याशिवाय छिन्नी लावू देत नाही, कारण आत राहिलेली वाफ ठिणगीने पेटते. पावती त्या-त्या बॅचच्या फाइलला लागते.